उघड्या डोळ्याचा फोटो

परवा तुही तेरवी आहे अन् भिंतीवर लावाले घरात तुहा फोटो नाही.

म्हणजे फोटो आहेत. दिनेशच्या लग्नातले आहेत, मंदाच्या लग्नातले आहेत. पण सारे संध्याकाळचे. अन् संध्याकाळी तुहं तोंड कसं होत जाय, ते तुले सांगाची गरज नाही. डावी पापणी पूर्ण खाली, उजवी अर्धी, मान मागं टाकून खालून पाहून राहिली, अन् फोटोवाल्यानं हासाले सांगतलं म्हणून वरचा ओठ निस्ता दातावर चढलेला. पाहणाऱ्याले वाटन का हे बाई आता अंगावर धावून येते. तूच म्हणून ठेवलं होतं, "मी मेल्यावर ह्यातला एक बी भिंतीवर टांगला न, त खिळ्यासकट खाली येईन मी. सांगून ठेवलं. मंग म्हणान सांगतलं नाही."

सकाळी म्हणलं होतं. सकाळी तुहा आवाज ठणठणीत राहे, म्हणून धमक्या बी सकाळीच.

काल आपला दिनेश मोबाईलवर एक फोटो दुरुस्त करून घेऊन आला. त्याच्याच लग्नातला, पण डोळे उघडलेले.

"पाहा बाबा, कशी दिसते आई."

मी पाहिलं. दोन्ही डोळे टप्पोरे, ओठ सरळ, गालावर चमक. म्हणलं, "हे कोण होय?"

"आई होय ना."

"हे डोळे कोणाचे लावले?"

"कोणाचे नाही लावले बाबा. मोबाईल आपोआप उघडून देते."

"मोबाईलनं उघडले त मोबाईलच्या आईचे होय. आपल्या घरात नको."

"मंग पडलेल्या पापणीचा लावू काय? आईनं नाही म्हणलं होतं, तुम्हीच सांगता. हा बी चालत नाही, तो बी चालत नाही. तेरवीले भिवापूरची सारी भावकी येईन, हार कोठी घालाचा?"

उठून गेला तो. खरं आहे त्याचं. माय त्याची बी गेली. पण त्या फोटोतल्या बाईची मले वळख पटत नाही, अन् तुले त्या पडलेल्या पापणीची लाज वाटे. दोघाच्या मंधात भिंत कोरी आहे.

मंदानं मंग हे कागद देले. "दहा दिवस झाले बाबा, तुम्ही निस्तं हो-नाही करून राहिले. बोलता येत नाही त आईले लिहा." म्हणलं, मी चौथी पास माणूस, काय लिहू. त पोट्टी म्हणते, "आई बी चौथीच होती. तिनं नाही लिहिलं काय तुम्हाले?"

लिहिलं. तुह्याच गठ्ठ्यातली पानं आहेत ही. जुन्या कॅलेंडरची, मागून कोरी. आवाज गेला का तू ह्याच्यावर लिहे. शुद्धलेखन मंदा पाहीन.

पंचफुला.

घे, लिहिलं नाव. सारी जिंदगी 'अवं' म्हणून भागवलं. 'अवं' म्हणलं का तू ये, नावाची गरजच पडली नाही. कागदावर 'अवं' लिहिलं त येत नाही कोणी.

तुहं दुखणं कुठून सुरू झालं ते मी लोकायले खोटंच सांगत आलो. म्हणू, डोळ्यापासून. नाही. हातापासून सुरू झालं, भिवापूरले, माह्या पुतण्याच्या लग्नात. मटक्यावरची रोटी तुह्यासारखी आमच्या साऱ्या भावकीत कोणाले जमे नाही. सैल भिजवलेला कणकीचा गोळा दोन्ही हातायवर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवाचा, अन् चुलीवर पालथ्या घातलेल्या मटक्यावर असा टाकाचा का कुठी भोक नाही, कुठी घडी नाही. लग्न असो का तेरवी, लोकं माणूस पाठवून तुले बोलवत. मी बी मिरवून घेऊ, जसे काय ते हात माहेच.

त्या दिवशी दहा-बारा रोट्या झाल्या अन् तुहे हात खाली आले. रोटी राखेत. दुसरी घेतली, ती बी राखेत. तू हात उचलाले पाहे अन् हात येईना. बाया हासल्या. माही वहिनी म्हणाली, "काहून वं, नागपूरची हवा लागली काय हाताले?" मी मांडवातून पाहून राहिलो होतो. मले लाज वाटली. तुही कीव आली पाहिजे होती, पण आली लाज, अन् ती बी माही स्वतःची. तिथं येऊन साऱ्यायसमोर म्हणलं, "नाटकं बंद कर. आराम कराचा असन त घरी जाऊन कर."

तू हात मांडीवर ठेवून बसून राहिली, जसे काय कोणी आपले हात तुह्यापाशी सांभाळाले ठेवून गेलं. अर्ध्या तासानं हात वर आले. तू उठली अन् उरलेल्या रोट्या टाकल्या. म्हणून त मले अजून पक्कं झालं का नाटकच होतं. खरं दुखणं अर्ध्या तासात जाते काय?

हेच तुह्या दुखण्याचं वाईट होतं. बसलं का ते जाय, अन् तू खोटी पडे.

मंग पापणी पडाले लागली. मी हिंगण्याच्या कारखान्यातून कंपनीच्या बसनं संध्याकाळी घरी येऊ, त तू दारात अर्ध्या डोळ्यानं उभी. "दारू पेली काय वं?" मी म्हणलं. एक डाव नाही म्हणलं, रोज म्हणलं. मले तो जोक वाटे. जेवताना चार घास झाले का तू जबड्याले खालून हात लावून वर ढकले. घास तसाच तोंडात. मी म्हणलं, "भाजी तूच केली, आता तुलेच जात नाही?"

दवाखान्यात तुले सकाळी नेत गेलो, माही दुपारपाळी असे त्या हप्त्यात, कामावर जाच्या आधी. अन् सकाळी तू एकदम टकाटक. डॉक्टर म्हणे हात वर करा, तू वर करे. डोळे उघडा, तू उघडे. तो माह्याकडे पाहे, मी तुह्याकडे पाहू. कोणी ताकदीच्या गोळ्या देल्या, कोणी रक्त वाढाच्या, एकानं चष्मा देला, एकानं सांगतलं मनाले लावून घेऊ नका बाई. रस्त्यानं मी म्हणलं, "डॉक्टरपुढंच कशी बरी होते वं तू?"

"मले काय माहीत जी. एक डाव संध्याकाळी नेऊन पाहा ना."

संध्याकाळी मी थकून आलेला राहू. थकलेल्या माणसाले कोठी जाले सांगू नये, एवढं मले आपल्यापुरतं समजे.

अन् फोटो स्टुडिओत नेलं, ते मात्र संध्याकाळी. तू किती डाव म्हणलं होतं, सकाळी जाऊ जी, एक दोघाचा फोटो काढू. पण सकाळी तुह्या मागं दवाखाना, माह्या मागं पाळी. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी गेलो. तो फोटोवाला म्हणते, "काकू, डोळे उघडा ना. काकू, झोप येते काय?" चार डाव म्हणला. मी म्हणलं, "काढ तू, ते अशीच आहे." घरी येऊन तू पावडर पुसून टाकली अन् परत कधी स्टुडिओचं नाव घेतलं नाही.

आता पाहा. डॉक्टरनं तुही सकाळ पाहिली अन् फोटोवाल्यानं तुही संध्याकाळ. उलटं केलं असतं त दोन वर्षं वाचले असते अन् आज भिंत कोरी नसती. एवढी साधी गोष्ट. माह्या पाळ्या पाहून मी तुले नेत गेलो, तुह्या पाळ्या कधी पाहिल्याच नाही.

मोठ्या दवाखान्यात त्या दिवशी रांग लांब होती म्हणून तुहा रोग सापडला. सकाळी सातले नंबर लावला, आत गेलो त दुपारचे अडीच. बाई डॉक्टर, आपल्या मंदापेक्षा बी लहान. तुले म्हणाली, "मावशी, छताकडे बघत राहा. खाली बघू नका." तू पाहत राहिली. मी बी पाहिलं, म्हणलं काय आहे तिथं. पंखा होता. मिनिटभरात तुह्या दोन्ही पापण्या हळूहळू खाली आल्या, दुकानाचं शटर ओढावं तशा. मी तोंड उघडणारच होतो, का पाहा म्याडम, हेच हिचं नाटक. तेवढ्यात तिनं रबरी हातमोज्यात बर्फाचे तुकडे भरले, गाठ मारली अन् तुह्या डाव्या डोळ्यावर ठेवलं. दोन मिनिटं. काढलं त डोळा उघडा.

आपल्या लग्नात होता तसा उघडा. गालावरून पाणी गळून राहिलं होतं अन् तू माह्याकडे पाहून राहिली होती, का काय झालं जी?

"थंडाव्यानं थोडा वेळ उघडतो," डॉक्टर म्हणाली. "मायस्थेनिया म्हणतात याला. मेंदूचा निरोप नसेतून येतो, पण स्नायूपर्यंत नीट पोचत नाही. हात पहिल्यांदा उचलतो, दहाव्यांदा उचलत नाही. विश्रांती मिळाली की परत उचलतो. हा आळस नाही काका. आणि सोंग तर नाहीच नाही."

मी तिच्यापुढं सोंग म्हणलंच नव्हतं. माह्यासारखे रोजच येत असतीन तिच्याकडे.

मी मोटरीवर हात काळे केलेला माणूस. मोटर चांगली, वायर चांगली, मंधातला कॉन्टॅक्ट ढिला. मले एका मिनिटात समजलं. बाहेर आलो. तिथंच, त्या पायरीवर, तुले म्हणाले पाहिजे होतं का माहं चुकलं. म्हणलं, "चाल, चहा पिऊ." तू म्हणाली, "चाला." तोवर तुहा डोळा परत पडला होता. बशीतला चहा फुंकत तू अर्ध्या डोळ्यानं माह्याकडे पाहत राहिली. काही ऐकाची वाट पाहून राहिली होती काय? विचारलं नाही मी. अजून एक चहा सांगतला.

रोगाचं नाव मले कधी जमलं नाही. तू हासे, "नाव घेता येत नाही, अन् रोग सांभाळता!" पण सांभाळला, नाही काय? रिटायर झाल्यावर दुसरं काम तरी काय होतं मले. दिवसातून चार डाव गोळी, अन् जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी, म्हणजे जबड्याले चावाची ताकद येते. गोळी उशिरा झाली का जेवण गेलंच. मी घड्याळाकडे पाहत बसू अन् वेळ झाली का ओरडू. तू म्हणे, "आधी कारखान्यात भोंगा वाजे, आता घरात तुम्ही वाजता."

सकाळ तुही राहे. उठल्यापासून दहा वाजेपर्यंत तू सारं घर उपसून काढे. म्हणलं, आता त मी रिकामा आहो, चाल सकाळचा फोटो काढू. त म्हणे, "सकाळ फोटोत घालू काय जी? दोन तास त भेटते मले." भांडण बी तू दिवसभराचं सकाळीच उरकून घे, कारण संध्याकाळी आवाज नाकात जाय, मंग शब्दच जाय. मी बी काही कमी हुशार नाही. तुले पटणार नाही ते सारं संध्याकाळी काढू. "कूलर ह्या वर्षी जुनाच चालवू." तू तोंड उघडे, आवाज निंघे नाही. मंग कॅलेंडरचं पान ओढे अन् मोठ्या अक्षरात लिहे: 'उद्या सकाळी पाहीन तुम्हाले.' अन् सकाळी पाहे बी. कूलर नवा आला.

तुहा गठ्ठा काल सारा वाचला. 'गोळी.' 'मीठ नाही.' 'मंदा फोन करत नाही म्हणून आपण बी नाही कराचा काय.' 'शेजारची आली त सांगा झोपली आहे.' एकावर निस्तं 'थकली.' एवढंच. ते मी येगळं ठेवलं. कोणत्या दिवसाचं आहे मले आठवत नाही, अन् त्या दिवशी मी काय केलं ते बी आठवत नाही.

तुह्या भावानं नरखेडवरून संत्री पाठवली का आपलं एक भांडण ठरलेलं राहे. मी एक एक फोड सोलून, वरचा पापुद्रा काढून, बिया काढून वाटीत ठेवू. ठसका लागला त जीव जाईन म्हणून. तुले राग ये. "माह्या बापाच्या बगिच्यातलं संत्रं, अन् मी नागडं करून खाऊ?" म्हणे. एका डावी तू लपवून पुरी फोड तोंडात टाकली, अन् मी तुह्या तोंडात बोट घालून काढली. चार दिवस बोलली नाही मले. हे भांडण आपलं तसंच राहिलं. मी आता बी म्हणतो का मी बरोबर होतो. पण तुही फोड तुले चावू द्याले पाहिजे होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आता मी काय करू?

ह्या हिवाळ्यात सर्दी छातीत उतरली. श्वास ज्यानं घेतो ते बी स्नायूच, डॉक्टरनं सांगतलं. ते बी थकले. गळ्यात नळी, बाजूले मशीन. अन् भेटाची वेळ संध्याकाळी पाच ते साडेपाच. तिथं बी संध्याकाळच आली नशिबात. रोज पाचले जाऊ अन् तुहे डोळे बंद. हात हातात घेऊ त बोट हालत नाही. नर्सले म्हणलं, "बाई, एक डाव मले सकाळी सोड. हिची सकाळ येगळी राहते." ती म्हणे, नियम नाही काका. रोज म्हणलं. पाचव्या दिवशी काय वाटलं तिले, सकाळी सातले आत घेतलं मले.

तुहे दोन्ही डोळे उघडे होते. मशीन श्वास घेऊन राहिली होती अन् तू माह्याकडे पाहून राहिली होती. तुले बोलता येत नव्हतं, लिहिता येत नव्हतं. सकाळ असून बोलाची पाळी माही, असं पहिल्यांदाच झालं. अन् मी तयारी करून आलो होतो, पंचफुला. ऑटोत सारं पाठ केलं होतं. भिवापूरच्या चुलीपाशी जे म्हणलं ते, दारू पेली काय म्हणलं ते, चहाच्या टपरीवर जे म्हणलं नाही ते. अन् तोंडातून काय निंघालं?

"पाण्याची टाकी भरून ठेवली मी."

तुही पापणी एक डाव खाली गेली अन् वर आली. 'बरं केलं' म्हणाली का 'झालं काय तुमचं एवढंच' म्हणाली, मले समजलं नाही. नर्स म्हणाली, चाला काका. म्हणलं, उद्या सांगतो. उद्या तुले झोपेचं औषध देलेलं होतं. चार दिवसांनी तू गेली. संध्याकाळी.

आता इथं लिहितो, तुह्याच कागदावर. ते नाटक नव्हतं. मले माहीत होतं. डॉक्टरनं सांगतलं त्या दिवसापासून रोज माहीत होतं, अन् रोज मी दुसरंच काहीतरी बोललो.

थांब. बर्फाचं वर लिहिलं न, तिथून एक गोष्ट डोक्यात घुसली. मघापासून टोचून राहिली.

मागचा उन्हाळा. ऊन तुहा दुश्मन. नागपूरचा मे महिना म्हणजे तुहे डोळे दुपारपासूनच बंद. कूलरपुढं बसून बसून तू कंटाळली. उन्हाळ्यात तुही सकाळ बी अर्धी झाली होती, डावी पापणी सकाळी बी वर येत नव्हती. एका दुपारी तू पानावर लिहिलं, 'बर्फ आणा. फोटो काढा.' मले वाटलं उन्हानं डोकं फिरलं हिचं. मंग आठवलं, डॉक्टरचा तो हातमोजा.

कोपऱ्यावरच्या रसवंतीवर गेलो डबा घेऊन. तो म्हणते, "काका, रस नाही, निस्ता बर्फ? पाहुणे आले काय?"

म्हणलं, "नाही गा. बुढीचा फोटो काढाचा आहे."

"बर्फावर ठेवून?"

"डोळ्यावर ठेवून."

त्यानं माह्याकडे पाहिलं अन् गुपचूप अर्धी लादी फोडून देली. 

रुमालात बर्फ बांधून मी तुह्या डोळ्यावर धरला. एका डोळ्यावर दोन मिनिटं, मंग दुसऱ्यावर. पाणी तुह्या गालावरून गळ्यात, गळ्यातून ब्लाउजमंधी. तू हातानं माहा हात ढकले अन् परत ओढे. रुमाल काढला. डोळे उघडले. मी माहा बटणाचा मोबाईल काढला त बटणच सापडत नाही मले. तुहे डोळे मोजून तीन-चार मिनिटं उघडे राहणार अन् मी निस्ता मोबाईल उलटा-सुलटा करून राहिलो. अन् तुहा आवाज निंघाला. त्या दुपारच्या उन्हात, नाकातून, पण निंघाला. "दाबा ना जी!"

दाबलं. एकात माहे पाय आले. एकात कूलर. तिसरं दाबलं तवा तू ओरडूनच राहिली होती, अन् मंग तुह्या पापण्या खाली याले लागल्या. दोघं बी हासून हासून बेजार. तुले हासणं जमत नव्हतं, खांदे हालून राहिले होते निस्ते. "आला काय?" तू हातानं विचारलं. म्हणलं, "आला असन." तिसरा मी पाहिलाच नाही. तो मोबाईल पुढं चार्ज होईना झाला, दिनेशनं नवा आणून देला, अन् जुना तुह्या शिलाईच्या डब्यात बटणायसंग पडला.

आत्ता जाऊन डबा उघडला. आहे. दिनेशले हाक मारली, बर्फाच्या फोटोचं सांगतलं. त्यानं मोबाईल खिशात टाकला अन् गाडी काढली.

काल तुही तेरवी झाली. दोन दिवस लिहाले वेळ भेटला नाही.

मोबाईल दुरुस्तीवाल्यानं पिन बदलून फोटो काढून देले. माहे पाय आहेत, कूलर आहे, अन् तू आहे. खालच्या कोपऱ्यात माहा अंगठा आला आहे, काळा, मोठा. तू थोडी हाललेली. केस कपाळाले चिकटलेले. पण दोन्ही डोळे उघडे, पंचफुला, पूर्ण उघडे, अन् तोंड बी उघडं, कारण तू मले ओरडून राहिली. गालावरून पाण्याचे दोन ओघळ.

दिनेश म्हणाला, "बाबा, तुमचा अंगठा कापून टाकू काय?"

"राहू दे."

"अन् पाणी? ते पुसता येते मोबाईलवर."

"दिनेश," मी म्हणलं, "त्यातलं काही पुसलं न, त आधी मले पुस."

फोटो मोठा करून त्यानं फ्रेम आणली. हार घातला. दुपारी पंगती बसाच्या आधी सारे नमस्कार कराले आले. भिवापूरची वहिनी आता काठी टेकत चालते. फोटोपुढं उभी राहिली अन् म्हणाली, "काहून जी भाऊजी, हे त रडून राहिली. रडता फोटो लावते काय कोणी?"

म्हणलं, "रडत नाही वहिनी. बर्फाचं पाणी होय ते."

"बर्फाचं?"

मंग सांगतलं मी. बसलेल्या साऱ्या भावकीपुढं, उभं राहून, मोठ्यानं. बर्फ काहून लावला ते सांगतलं. पापणी काहून पडे, हात काहून खाली येत, ते सांगतलं. रोगाचं नाव अडखळलं, मंदानं मागून सांगतलं. म्हणलं, "तुमच्या मांडवात हिच्या हातून रोट्या राखेत पडल्या होत्या. मी तुमच्या साऱ्यायपुढं हिले नाटकी म्हणलं होतं. ते नाटक नव्हतं. माहं चुकलं होतं. तिथं म्हणलं होतं म्हणून इथं सांगतो."

 मागच्या अंगणात मटक्यावर रोट्या टाकणं चालू होतं, त्या बाया थांबल्या. वहिनीनं पदर तोंडाले लावला. "मी बी हासली होती जी तिले," म्हणाली. मंग माह्याकडे पाहून म्हणते, "अन् भाऊजी, तुमच्या डोळ्यातून काय गळून राहिलं?"

म्हणलं, "ते बी बर्फाचंच होय."

फोटो खिडकीसमोरच्या भिंतीले लावला आहे. दोन खिळे ठोकले, तुहा भरवसा नाही. सकाळी सातले तिथं ऊन येते. काय भांडाचं ते तेव्हा भांड.